जुन्या बुलेट ३५०चा कार्ब्युरेटर: बदलण्याआधी नीट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ची स्टँडर्ड बुलेट ३५०, पॉइंटवाली (म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क असलेली), मिकार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). गाडी दोन वर्षं उभी होती. टाकीतलं पेट्रोल बदललं, प्लग नवा घातला. आता चोक दिला की पाच-सहा किकमध्ये सुरू होते, चोक काढला की बंद पडते. रेस धरून ठेवली तर चालते. थ्रॉटल थोडा उघडताना अडखळते, पण एकदा वेग घेतला की ठीक पळते. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. शिवाय रात्रभर उभी केली की सकाळी खाली पेट्रोलचा डाग दिसतो. गॅरेजवाल्याचं म्हणणं, कार्ब्युरेटर गेला, नवा टाका.

या वर्णनावरून तरी कार्ब्युरेटर गेलेला वाटत नाही. यात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही दुरुस्त होणारे आहेत. पायलट जेटचा (थ्रॉटल बंद असताना इंजिन मंद चालतं त्या आयडलला पेट्रोल देणाऱ्या, बारीक भोकाच्या पितळी तुकड्याचा) मार्ग तुंबला आहे, आणि फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल पूर्ण अडवत नाही. एकीकडे पेट्रोल कमी पडतंय आणि दुसरीकडे गळतंय, हे ऐकायला उलटसुलट वाटतं. पण फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, पेट्रोल किती साठतं ते एक भाग ठरवतो आणि आयडलला त्यातलं किती इंजिनात जातं ते दुसरा. दोन्ही एकाच वेळी बिघडू शकतात, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत बहुधा तसंच होतं.

कार्ब्युरेटर खोलायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: त्रास थ्रॉटल किती उघडल्यावर होतो? इंजिनाचा वेग किंवा गिअर नव्हे, थ्रॉटलची उघडझाप. व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग काम करतो. बंद ते एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू. एक अष्टमांश ते पाव या टप्प्यात स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या भागाच्या) खालचा तिरका काप, ज्याला कटअवे म्हणतात. पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई, फ्लोटच्या नीडल व्हॉल्व्हपेक्षा वेगळी) आणि तिच्याभोवतीचा नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळलं की निम्मं काम झालं. अंदाजाने चालू नका. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या हाऊसिंगवर मास्किंग टेपची पट्टी लावा, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा यांच्या खुणा करा आणि मधल्या अंतराचे चार भाग पाडा. मग गाडी चालवून पाहा. बऱ्याच जणांना वाटतं आपण अर्धा थ्रॉटल उघडून चालवतो. टेप लावल्यावर दिसतं की ताशी ५० किमीला तो पावाच्या आसपासच असतो.

दुसरी चाचणी चोकची. या कार्ब्युरेटरचा चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप नाही. तो जास्तीचं पेट्रोल आणि हवा देणारा छोटा स्वतंत्र मार्ग आहे, त्याचा प्लंजर उचलला की उघडतो. इंजिनाच्या बाजूला ओढ असेल तरच तो चालतो, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाच. म्हणून थंड इंजिन सुरू करताना चोक देऊन वर रेसही पिळली तर चोक निकामी होतो, आणि लोक किक मारून दमतात. चाचणी अशी: गाडी गरम झाल्यावर, त्रास होत असताना चोकची दांडी थोडी उचला. सुधारलं तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडलं तर रिच आहे, पेट्रोल जास्त होतंय. तुमची गाडी चोकवर चालते आणि काढला की मरते. म्हणजे आयडलला लीन. थ्रॉटल सोडल्यावरची फटफटही तेच सांगते, कारण तेव्हाही पायलट जेटच काम करत असतो.

तरीही पाना हातात घेण्याआधी इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग) पाहून घ्या. जुन्या बुलेटवर कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे दोष फार वेळा पॉइंटमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या विजेच्या भागात) निघतात. ओळखायची एक ढोबळ खूण आहे. पेट्रोलचा दोष हळूहळू येतो, गाडी दम सोडत जाते. विजेचा दोष झटक्यात येतो, चालू-बंद चालू-बंद असा. थंड असताना उत्तम चालणारी गाडी वीस मिनिटांनी मिसिंग करू लागली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत झाली, तर आधी कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडताना मोठी निळसर ठिणगी उडत असेल आणि पॉइंट काळे पडले असतील तर संशय पक्का. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, प्लगची सुमारे ०.५ मिमी. टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) पाहताना ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा भाग) पूर्ण मागे असायला हवं आणि कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला ठेवून लावायचे. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळता कामा नयेत. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. मग आयडल धरत नाही, इनलेटचा असेल तर कार्ब्युरेटरमधून खोकते, आणि लोक जेट बदलत बसतात.

हे सगळं ठीक असेल तर पेट्रोलच्या वाटेने टाकीपासून खाली या. कार्ब्युरेटरकडचं पेट्रोलचं नळीचं टोक काढा, बाटलीत धरा आणि कॉक (टाकीखालचा नळ) उघडा. एका मिनिटात २०० मिली तरी अखंड धारेने आलं पाहिजे. ३५०ला जोरात चालवतानाही मिनिटाला १०० मिलीपेक्षा कमीच लागतं, त्यामुळे २०० म्हणजे हात राखून झालं. धार आधी जोरात येऊन मग बारीक होत असेल तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बंद आहे. अशी गाडी पाच-सात किलोमीटर चांगली जाते आणि मरते. झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा आवाज येतो आणि पुन्हा सुरू होते. धार मुळातच बारीक असेल तर कॉकची जाळी गंजाच्या चिखलाने भरलेली असते. बाटलीतलं पेट्रोल पांढऱ्या कापडावर ओता. तांबूस भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे, आणि टाकी साफ केल्याशिवाय कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी महिन्याभरात पुन्हा तुंबणार. पेट्रोलखाली पाण्याचे थेंब जमले तर पावसात झाकणातून पाणी जातंय. कोकणात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे दर जूनला होतं. झाकणाचं रबर बदला.

आता कार्ब्युरेटर उतरवा. काम उघड्यावर किंवा दारं-खिडक्या उघडून करा, जवळ गॅस, देवघरातला दिवा, विडी-सिगारेट काही नको. बॅटरीची एक वायर काढून ठेवा. कॉक बंद करून बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, फेकू नका. ते पाहण्यासारखं असतं. पिवळट-तपकिरी आणि आंबूस वासाचं पेट्रोल म्हणजे आत राळ साठलेली आहे.

वरची टोपी फिरवून काढली की थ्रॉटल केबलसकट स्लाइड आणि नीडल बाहेर येते. नीडलची क्लिप पाच खाचांपैकी कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा. एअर स्क्रू काढण्याआधी हळूच पूर्ण आत फिरवा, किती फेरे गेले ते मोजा, लिहा, मग काढा. आत टेकला की थांबायचं. जोर लावला तर त्याचं टोक बसकं होतं आणि नंतर सेटिंग कधीच नीट लागत नाही. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा.

बाऊलचे चार स्क्रू ही या कामातली सर्वात त्रासदायक जागा. तीस वर्षांत ते मऊ धातूत घट्ट बसलेले असतात आणि माथ्याची चौफुली झिजलेली असते. मापाचा, नवा कोरा स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी स्क्रूवर ड्रायव्हर उभा धरून हातोडीचा एक हलका ठोका द्या, मग फिरवा. तरी निघाला नाही तर बाऊलवर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम-जस्ताचा भाग स्टीलच्या स्क्रूपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि पकड सुटते. गॅसची ज्योत लावायची नाही. बसवताना शक्य असेल तर त्याच मापाचे ॲलन स्क्रू घाला, पुढच्या वेळी वैताग नको.

गळतीचा दोष आधी मिटवू. फ्लोटची पिन काढली की नीडल व्हॉल्व्ह हातात येते. तिच्या निमुळत्या टोकाकडे भिंगातून पाहा. गोल चर पडलेला दिसला तर ती गेली, आणि सीटही (ती ज्या भोकात टेकते ती बैठक) सोबत बदला. जुन्या सीटवर नवी नीडल महिनाभर बरी चालते आणि पुन्हा गळते. चर नसेल तर बहुधा सीटमध्ये कचरा किंवा राळ आहे. कापसाची काडी कार्ब क्लीनरमध्ये भिजवून सीट पुसा. फ्लोट हलवून पाहा, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झाला आहे, बदलावा लागेल.

फ्लोट बसवल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल, आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. सुलटा केला की मोकळी जायला हवी. ही चाचणी पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेट्रोलच्या पातळीसाठी फ्लोटची जीभ वाकवावी लागते, पण ती शक्यतो वाकवू नका. कोणी छेडली नसेल तर कारखान्याची पातळी बरोबर असते. मॅन्युअलमधलं माप असेल तर व्हर्नियरने तपासा. वाकवायचीच झाली तर एका वेळी केसभर. पातळी वर गेली की सगळ्याच टप्प्यांवर थोडं रिच होतं, खाली गेली की सगळीकडे लीन. सगळे टप्पे एकदम बिघडलेले दिसले तर म्हणूनच आधी फ्लोटकडे पाहायचं.

गळती बरेच दिवस चालू असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलूनच गाडी चालवा. पातळ झालेलं ऑइल बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला) पुरत नाही, आणि बुलेटचा बिग एंड हे महागडं काम आहे.

आता पायलट जेट, म्हणजे तुमच्या मुख्य तक्रारीचं मूळ. बाऊलच्या बाजूने पाहिलं की मधोमध मेन जेट दिसतो आणि त्याच्या शेजारी एका खोल भोकात पायलट जेट. बारीक पात्याचा, बरोबर मापाचा ड्रायव्हर लागतो. पितळ मऊ असतं, खाच एकदा फाटली की जेट काढणं अवघड होतं. काढून उजेडाकडे धरा. मध्यभागी सुईच्या टोकाएवढा स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल, किंवा गोल न दिसता अर्धचंद्र दिसत असेल, तर तुंबलेला आहे.

साफ करताना इथेच सर्वात जास्त नुकसान होतं. टाचणी, स्टीलची तार, शिवणाची सुई यातलं काही आत घालायचं नाही. जेटचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, एक ओरखडा पडला की तो जेट त्या नंबरचा राहत नाही. आधी कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. मग दाबाची हवा मारा. तरी राळ राहिली तर घरातल्या साध्या फ्लेक्झिबल वायरमधली तांब्याची एक तार घ्या, ती ०.२ मिमीची असते आणि पितळापेक्षा मऊ. तिने हलकेच आरपार करा. नायलॉनच्या ब्रशचा एक केसही चालतो. आडव्या बारीक भोकांकडेही लक्ष द्या. जेटच्या अंगावरची ती छिद्रं पेट्रोलमध्ये हवा मिसळतात, तीही तितकीच तुंबतात.

जेट स्वच्छ झाला म्हणजे मार्ग स्वच्छ झाला असं समजू नका. खरी राळ बॉडीतल्या वाटांत बसते. कार्ब्युरेटर उतरवून, जेट लावून लगेच परत बसवलेली गाडी पंधरा दिवसांत पुन्हा येते ती यामुळेच. पायलट जेट आणि एअर स्क्रू काढलेले असताना पायलटच्या भोकात क्लीनरच्या नळीने फवारा मारा. द्रव तीन ठिकाणी बाहेर पडला पाहिजे: स्लाइडच्या पुढे इंजिनाच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, स्लाइडच्या काठाखालच्या बायपास छिद्रातून, आणि एअर स्क्रूच्या वाटेने. एक भोक बोटाने दाबून दुसऱ्यातून, असं करत तिन्ही तपासा. इंजिनाकडचं छिद्र बंद असेल तर आयडल धरत नाही. बायपास बंद असेल तर आयडल कसंबसं असतं पण थ्रॉटल थोडा उघडताना गाडी अडखळते. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आहेत, म्हणजे दोन्ही छिद्रांचा संशय घ्यायला जागा आहे. कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या तोंडाशी असलेली छोटी हवेची भोकंही याच फवाऱ्याने मोकळी करा. चष्मा घाला. हा फवारा नेमका डोळ्यांकडे उलटतो.

हट्टी राळेला अल्ट्रासॉनिक टाकी सर्वात उत्तम, आता मोठ्या शहरांत काही गॅरेजमध्ये ती असते. ॲसिड, टॉयलेट क्लीनर, चिंचेचं पाणी यांच्या वाटेला जाऊ नका. बाहेरून चमक येते आणि आतल्या वाटांचा धातू खाल्ला जातो. थिनर वापरणार असाल तर आधी सगळी रबरं काढून ठेवा, थिनरने ती फुगतात. चोकच्या प्लंजरच्या टोकाला एक छोटी रबरी चकती असते, ती विसरू नका. चकती झिजली तर चोक बंद असूनही थोडा उघडा राहतो आणि गाडी कायम रिच चालते, ॲव्हरेज पडतं, प्लग काळा होतो. त्यावर मग लोक एअर स्क्रू बाहेर काढत बसतात.

मेन जेट काढल्यावर नीडल जेट लाकडी काडीने खालून वर ढकलून काढता येतो. बसवताना त्याची खाच बॉडीतल्या खुंटीवर जुळवा. तीस वर्षं चाललेल्या गाडीत नीडल आणि नीडल जेट यांच्याकडे मुद्दाम पाहावं. नीडल रोज हजारो वेळा थरथरत असते आणि पितळी जेटचं गोल भोक हळूहळू लांबट होतं. त्याने पाव ते अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल जास्त जातं, आणि रोजचं चालवणं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. ॲव्हरेज कमी झालंय, बाकी काही तक्रार नाही, अशा गाडीत बहुधा हेच असतं. दोन्ही जोडीनेच बदला.

स्लाइड बॉडीत सरकवून हलवून पाहा. किंचित खेळ चालतो. खडखडत असेल आणि स्लाइडच्या पृष्ठभागावर चकाकणारे पट्टे पडले असतील तर बाजूने हवा शिरते, आयडल कधी वर कधी खाली होतं. नवी स्लाइड अर्धंच काम करते, कारण बॉडीही तितकीच झिजलेली असते. कार्ब्युरेटर बदलण्याचं हे एक खरं कारण आहे. स्लाइड बसवताना तिरका काप एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी बसली तर ती पूर्ण बंद होत नाही आणि इंजिन सुरू होताच किंचाळतं.

बसवण्याआधी कार्ब्युरेटरचा इंजिनाला लागणारा सपाट भाग, म्हणजे फ्लँज, काचेवर ठेवा. ३५०चा हा कार्ब्युरेटर दोन स्टडवर बसतो, आणि नट अति आवळल्याने कडा पुढे आणि मध्य मागे असा फ्लँज वाकलेला असतो. काचेवर डुलला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, आठाच्या आकारात घासून सपाट करा. ओ-रिंग आणि गॅस्केट नवी घाला. मधला इन्सुलेटर टाळू नका, तो सिलिंडर हेडची उष्णता अडवतो. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. इथे हवा शिरली तर तीही आयडलला लीन करते आणि तुमच्यासारखीच लक्षणं देते, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका. गाडी सुरू झाल्यावर या सांध्याभोवती पाण्याचा फवारा मारून पाहा. इंजिनाचा आवाज बदलला तर हवा शिरतेय. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनावर ते धोक्याचं आहे, पाण्याने काम भागतं.

सेटिंग गरम इंजिनावरच करायचं, दहा मिनिटं चालवून आल्यावर. टॅपेट, टायमिंग आणि स्वच्छ एअर फिल्टर आधी, सेटिंग शेवटी. एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर काढा. स्लाइडला टेकणाऱ्या आयडल स्क्रूने वेग जरा वर ठेवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत न्या, इंजिन जड व्हायला लागेल तिथे थांबा. मग बाहेर आणा, इंजिन पुन्हा अडखळेल. या दोन टोकांच्या मधे जिथे वेग सर्वात वर आणि आवाज एकसारखा, ती जागा. मग आयडल खाली आणा आणि हेच पुन्हा एकदा करा. शेवटी आयडल हजाराच्या आसपास असू द्या. त्या ठाय ‘धक-धक’साठी आयडल फार खाली ठेवायचा मोह होतो, पण इतक्या मंद वेगात ऑइल पंपही मंद फिरतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्हीएम २४चा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो हवा नियंत्रित करतो: आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. काही दुसऱ्या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि पेट्रोल नियंत्रित करतो, तिथे सगळं उलट. एका गाडीवरची सवय दुसरीवर वापरून सेटिंग बिघडवलेल्या गाड्या खूप पाहायला मिळतात.

सर्वोत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आतच येत असेल तर पायलट अजून तुंबलेला आहे, जेट लहान आहे किंवा हवा शिरतेय. अडीच-तीन फेऱ्यांपलीकडे जावं लागत असेल तर पेट्रोल जास्त येतंय: चोकची चकती, पेट्रोलची पातळी, मोठा जेट, यांपैकी काहीतरी. स्क्रूने ओढूनताणून जमवू नका, कारण शोधा. आयडल लागल्यावर हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. आवाज चढला तर केबल आखूड पडतेय किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. केबलला मुठीपाशी २-३ मिमी ढिलाई हवी.

एवढं होऊनही फटफट राहिली तर सायलेन्सरचा बेंड पाइप हेडमध्ये बसतो तो सांधा पाहा. तिथून बाहेरची हवा शिरली की न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. सांध्याभोवती काळी काजळी हीच खूण.

पेट्रोलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १९९४ची गाडी शुद्ध पेट्रोलवर बेतलेली आहे, आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला सुमारे साडेतेरा. म्हणजे जेट तेच ठेवले तर मिश्रण सातआठ टक्क्यांनी लीन होतं. ज्या गाडीचं सेटिंग आधीच काठावर होतं, ती आता खोकते. उपाय सोपा आहे. नीडलची क्लिप एक खाच खाली घाला, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि मधल्या पट्ट्यात पेट्रोल वाढतं. पूर्ण थ्रॉटलला दम कमी पडतोय असं वाटलं तर मेन जेट एक नंबर मोठा. एका वेळी एकच बदल, आणि मग ३०-४० किमी चालवून निर्णय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ते पाणी बाऊलच्या तळाशी बसून धातू खातं आणि पांढरी भुकटी तयार होते. जुनी रबरंही फुगतात. नळी आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. गाडी महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बाऊल रिकामा करा.

प्लगच्या रंगावर फार विसंबू नका. बदामी रंग म्हणजे उत्तम, हा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला आहे, आणि ते पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. आताच्या पेट्रोलवर बरोबर सेटिंगचा प्लगही फिकट दिसतो. काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे रिच, इतकं मात्र अजूनही खरं. पांढराफटक आणि टोक वितळल्यासारखं दिसलं तर गाडी थांबवा, पिस्टन धोक्यात आहे.

फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा उघडा फिल्टर लावला असेल तर ते आधी मूळचे बसवा आणि मग सेटिंग करा. लेहला जाणारे जेट विचारतात, त्यांच्यासाठी: साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, त्यामुळे मिश्रण रिच होतं. क्लिप एक खाच वर, मेन जेट एक-दोन नंबर लहान, आणि खाली उतरल्यावर लगेच मूळ जागी. लहान जेट लावून मैदानात पळवलेलं इंजिन जॅम होतं.

नवा कार्ब्युरेटर कधी घ्यावा? बॉडी झिजून स्लाइड खडखडत असेल, बाऊलचे आटे गेले असतील, आतल्या वाटा गंजून खाल्ल्या असतील, तेव्हा. घेताना बॉडीवर ओतीव अक्षरांत मिकार्बचं नाव आणि जेटवर कोरलेले नंबर पाहून घ्या. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलांचे जेट मापात नसतात, आणि मग सेटिंग लागता लागत नाही. रिपेअर किटचंही तेच. त्यातली रबरं आणि गॅस्केट वापरा, पण जुने पितळी जेट शाबूत असतील तर तेच परत बसवा. जुना कार्ब्युरेटर बदलला तरी त्याचे जेट, नीडल आणि स्लाइड फेकू नका, नव्यावर कुठले नंबर हवेत ते त्यांच्यावरून कळतं.

तुमच्या गाडीपुरता क्रम असा ठेवा: पॉइंट आणि टॅपेट, मग टाकी आणि कॉक, मग नीडल व्हॉल्व्ह आणि सीट, मग पायलटचा पूर्ण मार्ग, फ्लँज, आणि शेवटी सेटिंग. नीडलच्या क्लिपला आणि मेन जेटला आत्ता हात लावू नका, वेगात गाडी ठीक पळतेय म्हणजे ते बरोबर आहेत. टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मधे पारदर्शक फिल्टर बसवा, पण फार बारीक जाळीचा नको, इथे पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. १०० किमी झाल्यावर बाऊल एकदा पांढऱ्या वाटीत रिकामा करा. स्वच्छ निघाला तर पुढचे सहा महिने उघडायची गरज नाही. तांबूस कण दिसले तर टाकीचं काम बाकी आहे, आणि ते पावसाळ्याआधी करून घ्या.